कोकण किनाऱ्यावर हलका टेन्ट लावताय? या चुका टाळा

हलका टेन्ट घेताना आपण सगळे वजन आणि पाऊस एवढंच बघतो, तीन हजार एमएमचं वॉटरप्रूफिंग आहे ना, किलोभरात बसतो ना, झालं. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी किनाऱ्याने चालत जाताना पाऊस नसतोच, तिथे टेन्ट झोपतो तो वाळूमुळे, वाऱ्यामुळे आणि दवामुळे. म्हणून आधी जमीन बघा मग टेन्ट.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे संध्याकाळी पाणी कुठे आहे ते बघून जागा ठरवणं. पुनवेला आणि अवसेला आपल्याकडे संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी असते आणि भरती येते मध्यरात्रीच्या सुमारास, ती पण उधाणाची. सिंधुदुर्गात भोगव्याच्या किनाऱ्यावर मी मस्त सपाट वाळू बघून टेन्ट लावत होतो तेव्हा जाळं आवरणारे एक आजोबा लांबूनच ओरडले, "रे, पुनव आसा, रात्री पाणी हंयसर येतला!" टेन्ट उचलून वर नेला आणि रात्री बाराला उठून बघितलं तर आधीच्या जागेवर खरंच लाटा होत्या. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शिवाय काटक्या-शेवाळाची सगळ्यात वरची रेघ शोधा आणि तिच्याही बरंच वर थांबा. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा ठिकाणी याच वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात, त्यामुळे तिथे किनाऱ्यावर टेन्ट नकोच आणि रात्री टॉर्च मारत फिरणं तर अजिबात नको, गावात विचारून कोणाच्या तरी अंगणात किंवा वाडीत जागा घ्या.

वाडीत लावलात तर माडाखाली मात्र नको. नारळ पडतो हे सगळ्यांना माहीत असतं पण सुकलेली झावळी पण चांगली जड असते आणि वारा नसतानाही खाली येते. सुरूच्या बनाच्या कडेला बरं पडतं, वारा अडतो आणि पेग, म्हणजे दोऱ्या बांधायचे खुंटे, धरतात, फक्त वर सुकलेली फांदी लटकत नाही ना ते बघून घ्या.

आता पेग. टेन्टबरोबर येणारे बारीक ॲल्युमिनियमचे पेग कोरड्या वाळूत लोण्यातून सुरी निघावी तसे निघतात, हातोडीने ठोकून काही होत नाही. टेन्टची पिशवी वाळूने भरा, तोंड बांधा, दोरी तिच्या मध्यावर बांधा आणि हातभर खोल पुरून वरून पायाने दाबा, किंवा झावळीच्या दांड्याचा तुकडा दोरीला आडवा करून पुरा. ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा टेन्ट असेल तर पोल वाळूत हळूहळू रुततो आणि सगळं सैल पडतं, खाली एक करवंटी सुलटी ठेवा आणि टोक तिच्यात टेकवा.

सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळ पठारावर, याच्या उलट, जांभ्या दगडात पेग घुसतच नाही. तिथे दोरी दगडाला बांधायची आणि त्याच्या पुढे दुसरा मोठा दगड टेकवायचा. पण दगड उचलताना हात थेट खाली घालू नका, आधी काठीने उलटा करा, खाली फुरसं किंवा विंचू असू शकतो. याच कारणासाठी नुसता टार्प, म्हणजे वर ताणायचं साधं कापड, घेऊन येणाऱ्यांना माझं सांगणं आहे, इथे अर्धा किलो वाचवू नका, तळ शिवलेली आणि चेन पूर्ण बंद होणारी जाळी पाहिजेच, डासांचा पण प्रश्न सुटतो.

वाऱ्याचं बरेच जण विसरतात. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो म्हणून आपण पाठ समुद्राकडे करून टेन्ट लावतो आणि उशिरा रात्री मतलई वारा जमिनीकडून सुरू होतो, तेव्हा उघडं दार नेमकं वाऱ्यावर. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणून बांधा, एक बाजू तरी खालून थोडी उघडी ठेवा. सगळं गच्च बंद केलंत तर पहाटे आतून कापड घामेजलेलं असतं आणि स्लीपिंग बॅग ओली. ती गळती नाही, श्वासाची आणि दमट हवेची वाफ आहे, सिंगल वॉल म्हणजे एकाच कापडाच्या टेन्टमध्ये हे जास्त होतं. सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉन लावलेलं नायलॉनचं कापड, ओलं झालं की ताणून सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी दव पडल्यावर एकदा दोऱ्या परत ओढा. सिलपॉलीला, म्हणजे तसल्याच पॉलिएस्टरला, हा त्रास फार कमी, किनाऱ्यासाठी मी तेच घेईन.

आणि घरी आल्यावर तसाच गुंडाळून माळ्यावर टाकू नका. मिठामुळे चेन जाम होते, पोलचे सांधे अडकतात, आणि ओलसर ठेवला तर आतलं पीयू कोटिंग, म्हणजे पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर, वर्षा-दोन वर्षांत चिकट होऊन वास मारायला लागतं, मग ते परत नीट होत नाही. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत दोन दिवस वाळवा आणि सुती पिशवीत सैल ठेवा.