डोक्याला मार लागलेल्या तरुणाला व्यसनापासून कसे जपावे

मुंबई-गोवा महामार्गावर मोटारसायकल घसरून किंवा आंबे उतरवताना झाडावरून पडून डोक्याला मार लागलेला मुलगा टाके निघून चालू-बोलू लागला, की घरच्यांना तो बरा झाला असे वाटते. मेंदू मात्र त्यानंतरही कित्येक महिने, कधी दोन-दोन वर्षे सावरत असतो. या काळात दारू आणि गांजा यांपासून दूर राहणे हा उपचाराचाच भाग आहे.

मनाला आवर घालण्याचे काम कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. तो साधारण 25 वर्षांपर्यंत घडत असतो आणि अपघातात बहुधा त्यालाच इजा होते. म्हणूनच ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून घ्यायला लावलेली शपथ चार दिवसांत मोडली, तर मुलाला बेइमान ठरवू नये. शपथेपेक्षा त्याची संध्याकाळ बदलावी. मित्र साकवावर जमतात त्या वेळी त्याच्यावर आवडीचे, ठरलेले काम सोपवावे. त्यातल्या एका विश्वासू मित्राला बाजूला घेऊन सांगावे, की पूर्वी पचत असे तेवढी दारूही आता याला जास्त चढेल, आकडी येण्याचा धोका वाढेल, आकडीच्या गोळ्यांसोबत घेतल्यास गुंगी वाढेल आणि तोल जाऊन डोक्याला पुन्हा मार बसू शकेल. शिमग्याला आणि गणपतीत चाकरमानी मित्र गावी येतात, तेव्हा ही गोष्ट त्यांच्याही कानावर आधीच घालावी.

स्मरणशक्ती कमी झाली असेल तर लांबलचक उपदेश टिकत नाही. गोळ्यांच्या डबीवर ‘यासोबत दारू नाही’ अशी ठळक अक्षरांतली चिठ्ठी चिकटवावी. गोळी घेताना ती रोज डोळ्यांसमोर येते. गांजाने लक्ष आणि स्मरण आणखी ढासळते, हेही असेच थोडक्यात सांगावे.

मुलगा रोज भरपूर पिणारा असेल, तर घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. हात थरथरणे, घाम, भ्रम आणि आकडी असा त्रास होऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीचा 14446 आणि मानसिक आरोग्याचा 14416 हे मोफत दूरध्वनी क्रमांक आहेत.

आणखी एक गोष्ट गावकऱ्यांनाही सांगावी लागते. मेंदूच्या इजेमुळे जीभ जड होते, चाल डळमळते, आणि लोक ‘हा प्यायलाय’ असे बोलून मोकळे होतात. न पिता मिळणारा हा शिक्का मुलाच्या फार जिव्हारी लागतो आणि कधी कधी तोच त्याला बाटलीकडे ढकलतो. शिवाय त्यात जिवाचा धोकाही आहे: तो खरोखर प्यायलेला असला, तरी वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या किंवा हाक मारूनही जाग न येणे यांपैकी काहीही दिसल्यास ‘झोपला की उतरेल’ म्हणून थांबू नये, लगेच 108 ला फोन करावा.