रेशन घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून आपण काय करायचं

सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून "आमच्या टॅक्सवर फुकट खातात" टाइप मेसेज फिरतो, आणि त्याच ग्रुपमधली दोनचार घरं गुपचूप रेशन आणत असतात हे फॉरवर्ड करणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. असा मेसेज आला की भांडत बसू नका, शांतपणे लिहा की बाबा २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आहे, देशातली ८० कोटींच्या आसपास माणसं त्यात येतात, प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरटी ३५ किलो, हक्काचं धान्य आहे ते. आणि टॅक्स म्हणाल तर पिवळं कार्डवाला पण साबणावर, मोबाईलच्या रिचार्जवर जीएसटी भरतोच की! तरी कुणी ऐकेना तर त्याला म्हणा घरच्या म्हाताऱ्यांना विचार, १९७२ च्या दुष्काळात मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, आणि मदतीची सुकडी कुणीकुणी खाल्ली ते.

घरात पण जरा जीभ सांभाळा. "शी, कंट्रोलचा तांदूळ" असं आपण नाक मुरडून बोललो की पोरं तेच शाळेत जाऊन बोलतात. शाळेतल्या खिचडीचंही तसंच, डबेवाली पोरं इकडे आणि खिचडीवाली तिकडे असं बसवलं की झालंच कल्याण. सगळ्यांची एकच पंगत बसवा, आणि गुरुजी-बाईंनी आधी चव घ्यायची असतेच, मग ताटली घेऊन पोरांमध्येच बसा ना.

प्लास्टिकच्या तांदळाची अफवा तर डोक्यात जाते. तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगतात, जरा पिवळट दिसतात, बायका ते वेचून फेकतात, वर शेजारीण म्हणते "गरिबांना काय पण देतात". अहो ते फोर्टिफाइड दाणे असतात, तांदळाच्याच पिठाचे, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेलं असतं, शंभर दाण्यांत साधारण एक. फेकू नका म्हणून सांगा, आणि कसला दाणा आहे तेही सांगा.

खरा अपमान होतो तो दुकानात, मशीनपुढे. भांडी घासून, विटा उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा लागत नाही, मग दुकानदार सगळ्यांसमोर "ए बाई, बाजूला हो, तुझं येत नाही" करून ओरडतो. लाइनीत तुम्ही असाल तर गप्प राहू नका, "दादा, मावशींना हात धुऊन परत लावू द्या, दुसरं बोट बघा, आम्ही थांबतो" एवढं म्हटलं तरी बाकीचे पण गप बसतात. पावती मागायला सांगा. रोजच अरेरावी असेल तर त्याच दुकानात जायची सक्ती नाही, पोर्टेबिलिटीमुळे दुसऱ्या दुकानातून धान्य घेता येतं, आणि तक्रारीसाठी १९६७ नंबर आहे.

मदत करायचीय तर "तुम्हाला गरज आहे का हो" असं दारात उभं राहून विचारू नका, समोरचा नाहीच म्हणणार. त्यापेक्षा "आमच्या कार्डाचं ई-केवायसी करायला चाललोय, तुमचंही राहिलं असेल तर चला सोबत" म्हणा. आणि किट वाटणारी मंडळी असाल तर ते पिशवी हातात देतानाचे फोटो आधी बंद करा, हिशोबच दाखवायचा असेल तर भरलेल्या पिशव्यांचा आणि किराणाच्या बिलाचा फोटो टाका, तेवढा पुरतो.