साहित्य शिकवता शिकवता कादंबरी पूर्ण कशी करायची

आधी वर्षाचं कॅलेंडर काढा, त्यात लेक्चर, पेपर तपासणी, मीटिंगा सगळं भरा, मग जे मोकळं उरतं तेवढंच तुमचं. "वेळ मिळाला की लिहीन" हे सोडून द्या, तो मिळत नसतो.

आता मुद्द्याचं. नवीन लिहिणं आणि लिहिलेलं दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. कच्च्या खर्ड्याला सलग दिवस लागतात, तो सुट्टीतच काढा. टर्म चालू असताना डोकं समीक्षकाचं झालेलं असतं, सकाळी वर्गात दुसऱ्याच्या कादंबरीतला निवेदक सोलून काढला की रात्री स्वतःचं पहिलंच वाक्य खोटं वाटायला लागतं आणि माणूस तेच पान घासत बसतो. मग त्या डोक्याला दुरुस्तीचंच काम द्या ना! एक प्रसंग घ्या, मोठ्याने वाचा आणि बघा, हे पात्राला दिसतंय की तुम्हाला? "खोलीत एक अस्वस्थ करणारी शांतता पसरली होती" हे प्रोफेसरचं वाक्य. पात्राला फक्त पंखा बंद पडलेला कळतो.

टर्ममध्ये काही सुचलंच तर कार्डावर उतरवा. कादंबरीकार नाबोकोव १९४८ ते १९५९ अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवायचा, 'लोलिता' ही कादंबरी त्याने इंडेक्स कार्डांवर लिहिली, कार्डं मागेपुढे करता येतात त्यामुळे पहिल्या प्रकरणापासूनच सुरू केलं पाहिजे असं काही नाही, दोन लेक्चरच्या मधल्या गॅपमध्येही एखादं होऊन जातं.

प्रमोशनचं मात्र आधीच विचारून घ्या, आणि लेखी. क्रिएटिव्ह रायटिंगच्या विभागात कादंबरी सहसा कामात धरतात, पण निव्वळ साहित्याच्या विभागात बऱ्याचदा शोधनिबंध नि समीक्षेचं पुस्तकच मोजतात, मग तुमची चार वर्षं तिथे शून्य. विद्यार्थ्यांनी विश्वासाने सांगितलेलं घरचं काही कादंबरीत घालू नका, नाव बदललं तरी त्यांना कळतंच.

वय झालं म्हणून अडून बसायचं कारण नाही, इटलीतला प्राध्यापक उंबेर्तो एको, त्याची पहिली कादंबरी १९८० साली आली तेव्हा तो अठ्ठेचाळीसचा होता, आणि एवढी गाजूनही त्याने शिकवणं सोडलं नाही. तेव्हा राजीनाम्याची घाई नको.

खर्डा वाचायला विभागातल्या सहकाऱ्याला तर मुळीच देऊ नका, तो कोणाचा प्रभाव दिसतो ते शोधत बसेल. असा वाचक गाठा जो कंटाळा आला तर कोणत्या पानावर आला ते तोंडावर सांगेल.