मंजूर लेआउट बदलताय? फाइल अडवणाऱ्या या चुका टाळा

दोन प्लॉट एकत्र करायचे असोत, रस्ता सरकवायचा असो की मोठ्या प्लॉटचे तुकडे पाडायचे असोत, आपल्याकडे लोक आधी नकाशा काढायला टाकतात. खरं तर आधी बघायचं ते हे, की त्या लेआउटमधले प्लॉट विकले गेलेत किती? एकही खरेदीखत झालेलं नसेल तर मामला तुमचा आणि टीपी ऑफिसचा, म्हणजे नगररचना कार्यालयाचा. चार जरी विकले असतील, तर त्या चौघांनी जुना नकाशा बघून पैसे मोजलेत. त्यांना वगळून केलेला अर्ज पहिल्याच हरकतीला अडतो.

ओपन स्पेसवर तर हमखास. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठीची मोकळी जागा, म्हणून सोडावी लागते. मंजूर झालेली ओपन स्पेस रद्द किंवा कमी करता येत नाही. जागा बदलता येते, पण क्षेत्र तेवढंच ठेवून आणि प्लॉटधारकांच्या संमतीने. "तो कोपरा रिकामाच पडलाय, दोन प्लॉट पाडू" हा हिशेब डोक्यातून काढा.

संमतीपत्रावर सही कोणाची? आज सातबाऱ्यावर किंवा पीआर कार्डावर (मिळकत पत्रिकेवर) ज्याचं नाव आहे त्याची. प्लॉट पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर आणि सही गावातल्या वडिलांची, हे मुखत्यारपत्राशिवाय चालत नाही. मूळ मालक वारले असतील तर वारसांचा फेरफार आधी.

नकाशा काढणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा: विकलेल्या प्लॉटचे नंबर बदलू नकोस. कॉम्प्युटरवर नवा नकाशा करताना ओळीने नंबर टाकायची सवय असते. मग खरेदीखतातला १४ नंबरचा प्लॉट नव्या नकाशात १७ होतो, चतुःसीमेत "पूर्वेस ९ मीटर रस्ता" लिहिलेलं असतं आणि नकाशात पूर्वेला शेजाऱ्याचा प्लॉट दिसतो. भांडण तिथून सुरू.

रस्त्याचंही तसंच. रहिवासी लेआउटमध्ये १५० मीटरपर्यंतच्या अंतर्गत रस्त्याला ९ मीटर रुंदी चालते. त्यापुढे लांबी गेली की किमान १२ मीटर लागते. दोन प्लॉट जास्त निघावेत म्हणून रस्ता लांबवायचा आणि रुंदीत तेच दोन प्लॉट गमवायचे, असं होतं.

क्षेत्राचा मेळ आधी घाला. समजा सातबारा १ हेक्टर २१ आर सांगतो आणि मोजणीची 'क' प्रत १ हेक्टर १८ आर. फरक ३०० चौ. मी.चा, म्हणजे दोन-तीन प्लॉट नुसते कागदावरच. हद्द कायम मोजणी करूनच नकाशाला हात लावा.

मराठवाड्यात आणखी एक गाठ असते. जमीन कुळाची, इनामाची की भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी? इनामातही मदतमाश (व्यक्तीला निर्वाहासाठी दिलेलं) आणि खिदमतमाश (देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेलं) यांत जमीन-अस्मानाचा फरक. आधीचा लेआउट मंजूर झाला म्हणजे हा प्रश्न मिटला, असं धरू नका. १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढून बघा. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर (कर आकारणीच्या नोंदवहीत) प्लॉट चढले म्हणजे लेआउट मंजूर आहे असं नव्हे. तिथं मुळात मंजुरीच नाही, तर दुरुस्ती कशाची करणार?

"साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळालीच" हे अर्धवट आहे. एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या) कलम ४५ मधले ६० दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा त्रुटीपत्राला दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, जे नंतरचं असेल तिथून मोजतात. प्रस्ताव नियमात बसणारा हवा, ही अटही आहेच. म्हणून उत्तर एकदाच, सगळ्या मुद्द्यांचं द्या आणि पोच घ्या. नामंजुरी आली तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील करायला ४० दिवस असतात. हेलपाटे घालत ते घालवू नका.

मंजुरी हातात आली की बहुतेक जण फाइल कपाटात ठेवतात. भूमी अभिलेख कार्यालयातून कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातल्या बदलांची नोंद, करून घेतल्याशिवाय सातबाऱ्यावर जुनेच प्लॉट राहतात, आणि पुढचं खरेदीखत कोणत्या क्षेत्राचं करायचं यावर नोंदणी कार्यालयात पुन्हा अडतं.