आर्मेनियाच्या दक्षिणेला जाताय? मुक्काम सिसियानला करा

राजधानी येरेवानहून तातेव मठ एका दिवसात करून परत येणाऱ्या सहली मिळतात, पण त्यात बराचसा दिवस गाडीतच जातो. त्यापेक्षा दक्षिणेतल्या सिसियान किंवा गोरिस या गावी एक रात्र राहा. सिसियानजवळच झोरात्स कारेर आहे. उघड्या माळावर 200 हून जास्त उभ्या शिळा, आणि त्यांतल्या कित्येकींना आरपार भोकं. तिथे सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात शिळांच्या लांब सावल्या पडतात, ते दृश्य सोडू नये असंच आहे. आडोसा मात्र कुठेच नाही, त्यामुळे उन्हाळ्यातही वाऱ्यासाठी जाकीट हवंच.

शाकी धबधबाही सिसियानजवळच. त्याचं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात, म्हणून धार कोणत्या वेळी चांगली असते ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

मग तातेव. हालिद्झोर गावाहून 5.7 किलोमीटरचा रोपवे व्होरोतान नदीच्या खोल दरीवरून थेट 9व्या शतकातल्या मठाशी नेतो. गर्दीच्या दिवसांत तिकीट आधीच काढा, सुट्टीचा वारही तपासा. बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ ठेवावी.