आमवात आणि शनिवारची गोळी

सकाळी ठाण्याहून वाशीची लोकल पकडली, वरची कडी धरायला हात उचलला आणि बोटं मिटेनात. ऐरोली गेलं, रबाळे गेलं तरी मूठ वळेना. असं रोज होत असेल तर कामाचा शीण म्हणून सोडू नका. उठल्यावर अर्धा-एक तास सांधे आखडलेले, दोन्ही हातांच्या बोटांची मुळं आणि मधली पेरं सुजलेली, मनगटं दुखरी, आणि हे सहा आठवड्यांहून जास्त टिकलेलं, तर आमवाताची, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसची शंका घ्यायची. नखांजवळच्या पेरांवरच्या गाठी बहुधा झिजेच्या असतात. पावसाळ्यात चिकुनगुन्याही सांधे असेच धरतो, म्हणून आधी ताप आला होता का, कधी, हे डॉक्टरांना सांगा.

तपासण्या: रक्ताच्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवाताची खूण शोधणाऱ्या), ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज मोजणाऱ्या), शिवाय हातापायांचे एक्स-रे. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही असं होत नाही, आणि नुसता पॉझिटिव्ह आला म्हणून तो आहेच असंही नाही. निदान रूमॅटॉलॉजिस्टकडून, म्हणजे अशा सांधेदुखीच्या तज्ज्ञाकडून करून घ्या.

या आजारात प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावरच उलटते आणि हाड कुरतडलं जातं. वेदनाशामक गोळीने दुखणं दबतं, कुरतडणं थांबत नाही. त्यासाठी बहुतेकांना आधी मेथोट्रेक्सेट देतात, आणि घोळ होतो तो इथेच. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी घसरतात, जीवही जाऊ शकतो.

वार ठरवून टाका. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, मरगळ येऊ शकते, म्हणून सुट्टीच्या आदल्या रात्री जेवून घेतलेली बरी. रविवारी सुट्टी असेल तर शनिवार. एमआयडीसीत सुट्टी मधल्याच वारी असेल तर तिच्या आदला वार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा आणि गोळी घेतली की फुली मारा. चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत लिहून मागा.

स्ट्रिप बदलली की मिलिग्रॅम वाचा. गोळी २.५, ५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. १५ मिलिग्रॅमसाठी २.५ च्या सहा गोळ्या घ्यायची सवय आहे, औषधवाल्याने या वेळी १० ची स्ट्रिप दिली, आणि सवयीने सहाच घेतल्या, तर पोटात ६० मिलिग्रॅम गेले. गोळ्या मोजण्याआधी आकडा बघायचा.

सोबत फॉलिक ॲसिड असतं, बहुतेकदा ५ मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटच्या दिवशी न घेता दुसऱ्या दिवशी. तोंड येणं आणि मळमळ त्याने कमी होते. ते 'नुसतं व्हिटॅमिन' म्हणून टाळू नका. मेथोट्रेक्सेटचा ठरलेला वार हुकला तर ती दोन दिवसांच्या आत घेता येते, त्यानंतर तो आठवडा सोडायचा. पुढच्या वेळी दुप्पट मात्र कधीच नाही.

गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. 'तीन आठवडे घेतली, फरक नाही' म्हणून सोडणारेच जास्त. तोवर डॉक्टर थोडं स्टेरॉइड देतात. ते मनाने एकदम बंद करायचं नाही.

मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिपॅटायटिस बी-सी आणि छातीचा एक्स-रे होतो. नंतर पहिले तीन महिने दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त तपासतात, पुढे ८ ते १२ आठवड्यांनी. रक्त गोळीच्या आदल्या एक-दोन दिवसांत द्या. गोळीनंतर लगेच दिलं तर एसजीपीटी उगाच वाढलेलं दिसतं.

पावसाळ्यात ताप आला तर त्या आठवड्याची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात, या गोळीनेही होऊ शकतात. दोन्ही एकत्र नकोत. तुंबलेल्या पाण्यातून चालून आला असाल तर लेप्टोचीही (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आठवण करून द्या. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालतं. कोरडा खोकला आणि धाप लागली तर वाट न पाहता दाखवा. कोणी जुलाबासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर आधी 'मी मेथोट्रेक्सेटवर आहे' हे सांगा. ही जोडी रक्तपेशी पार उतरवते.

दारू बंद. मूल हवं असेल तर गोळी कधी थांबवायची ते काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण ही गोळी गर्भाला घातक आहे.