मलेरियाच्या लेकराला टॉनिक लिहिण्याआधी

नागपुरात बालरोग विभागात रेसिडेन्सीला आलात की पहिल्या पावसाळ्यातच हे कानावर पडेल: "डॉक्टर, लेकराले ताकदीचं औषध द्या ना जी." मूल मलेरियाने पांढरंफटक पडलेलं असतं, आईचा जीव वरखाली होत असतो. आपला हात आपसूक लोह, झिंक, मल्टिव्हिटॅमिनकडे जातो.

माझाही गेला होता. शहराबाहेरच्या मिहान प्रकल्पाकडच्या बांधकामावर गडचिरोलीहून कामाला आलेलं कुटुंब, तीन वर्षांची मुलगी, रक्ताच्या स्लाइडवर व्हायवॅक्स हा मलेरियाचा परजीवी. क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचा पहिला डोस ओपीडीत समोर बसवून दिला आणि चिठ्ठीवर पाच औषधं लिहिली. तिसऱ्या दिवशी मुलगी तापाने फणफणलेली परत आली. आईने पिशवीतून लोहाची बाटली काढली, अर्धी संपलेली. क्लोरोक्विनच्या गोळ्या मात्र पाकिटात तशाच. "गोळी कडू हाय, थुकून देते. हे गोड हाय, हेच पाजलं." चूक तिची नव्हती. कोणतं औषध मलेरिया मारतं आणि कोणतं नाही, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर अभ्यासाला बसले. इक्वेडोर, घाना, टांझानिया, युगांडा आणि झांबियात १,०८७ मुलांवर झालेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. फॅल्सिपेरम या जास्त घातक प्रकारच्या मलेरियात क्लोरोक्विनसोबत चार दिवस झिंक दिलं, पण ताप लवकर उतरला नाही आणि परजीवीही लवकर कमी झाले नाहीत. म्हणजे झिंक वाईट आहे असं नाही. जुलाब असतील तर सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, १४ दिवस द्यायचंच, तिथे त्याचा उपयोग पक्का आहे. मलेरियाचं औषध म्हणून मात्र लिहू नका.

लोहाचं प्रकरण जास्त नाजूक. टांझानियातल्या पेम्बा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले आणि २००३ मध्ये ते थांबवावं लागलं. त्याच अभ्यासाच्या एका भागात, जिथे मलेरियाचं निदान आणि उपचार वेळेवर मिळत होते, तिथे लोहाची कमतरता असलेल्या मुलांना फायदा झाला. हा फरक नीट लक्षात ठेवा. शिवाय ताप असताना यकृतातून हेप्सिडिन हे लोहाला अडवणारं संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह फारसं शोषलं जात नाही. म्हणून आधी मलेरियाचा कोर्स, ताप गेल्यावर हिमोग्लोबिन पाहून लोह. आमच्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, त्यामुळे प्रत्येक फिकटपणा लोहाचाच समजू नका. आणि हिमोग्लोबिन ५ ग्रॅमच्या खाली असेल तर तो गंभीर मलेरिया, तिथे सिरपचा विचारच नको, भरती करा.

आता मी गोळी कुटून साखरेत किंवा केळ्यात कालवून स्वतः पाजून दाखवते. अर्ध्या तासात उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा, हे आईकडून वदवून घेते. यकृतात लपलेला व्हायवॅक्स मारणाऱ्या प्रायमाक्विनआधी जी-सिक्स-पीडी तपासते (हे एन्झाइम कमी असेल तर त्या औषधाने रक्तपेशी फुटतात), आणि एक वर्षाच्या आतल्या मुलाला ते देतच नाही. व्हायवॅक्समध्ये ते १४ दिवस द्यावं लागतं, आणि ताप दोन-तीन दिवसांतच उतरला की घरचे ते सोडून देतात. म्हणून चिठ्ठीच्या मागे पेनाने चौदा गोल काढून देते.

त्या मुलीच्या आईने चौदाही गोलांवर कोळशाने फुल्या मारून ती चिठ्ठी परत आणली होती. हिमोग्लोबिन त्या दिवशी तपासलं आणि लोहाची बाटली तेव्हा लिहिली.